नॅचरल हिस्टरी म्युझियम : वेळ जातो तो दारातच

तिकीट ऑनलाइन मिळतं, वेळही निवडता येते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मोठ्या शहरातलं निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय बघताना माणूस अडकतो तो बॅग तपासणीपाशी. त्याबद्दल आधी नीट कुणी सांगत नाही, याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून तपशिलात लिहितो.

तिकिटावरची साडेदहाची वेळ ही सहसा रांगेत उभं राहण्याची असते, आत पोचण्याची नव्हे. मोबाइलवरचं तिकीट स्कॅन व्हायला दोन सेकंद पुरतात; पुढे बॅग मात्र हाताने उघडून पाहतात, एकेक चेन, एकेक कप्पा. पाच कप्प्यांची सॅक असेल तर पाचही. टेबलं दोन-तीनच, त्यामुळे पुढच्या एका भरगच्च बॅगेने मागचे सगळे खोळंबतात. त्यात दार उघडल्यानंतरचा पहिला तास शाळांच्या सहलींचा. पाऊस असला की बाहेर फिरायचे बेत मोडलेली मंडळीही इथेच येतात.

खरा मनस्ताप क्लोकरूमचा. सामान ठेवायची खोली बहुधा तपासणीच्या पलीकडे असते. चाकांची बॅग चालत नाही किंवा ठरलेल्या मापापेक्षा मोठी आहे, हे सबंध रांग संपल्यावर कळतं आणि तिथूनच परत पाठवतात. विमानतळावरून थेट येणाऱ्यांचं हे हमखास होतं. सामान आधी हॉटेलवर किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकावं. बॅगेचं कमाल माप संकेतस्थळावर असतं, पण तिकिटाच्या पानावर नाही. सुरक्षा किंवा सुविधा या पानांवर शोधावं लागतं. घडीचा चाकू, कात्री, ट्रायपॉड घरीच ठेवा. एकाच कप्प्याची कापडी पिशवी सगळ्यात उत्तम. बॅग नसलेल्यांना कुठे कुठे वेगळ्या रांगेतून सोडतात. पाटी दिसली नाही तर सरळ रखवालदाराला विचारा. बाजूच्या रस्त्यावर दुसरं दार आहे का, तेही नकाशात बघून ठेवा, तिथे गर्दी कमी असते. आणि जेवायला बाहेर पडण्याआधी परत सोडतील का ते विचारा. सोडलं तरी बॅग पुन्हा पहिल्यापासून तपासतात.

आत गेल्यावर सगळे डायनासोरकडे धावतात. तुम्ही जिन्याने सरळ वरच्या मजल्यावर जा. खनिजं, कीटक, पक्षी यांची दालनं सकाळी जवळजवळ मोकळी असतात. डायनासोर दुपारी उशिरा, सहली परतल्यावर. फक्त एक लक्षात ठेवा, बंद होण्याच्या वेळेच्या थोडं आधीच दालनं रिकामी करायला लागतात.

पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालनं अंधारी वाटतात, ती मुद्दाम. प्रकाशाने पिसांचा आणि केसांचा रंग उडतो, म्हणून उजेड मंद, साधारण ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. फ्लॅश बंद ठेवून मोबाइलची लेन्स काचेला अलगद टेकवली की प्रतिबिंब जातं. अंगात गडद रंगाचे कपडे असले तर आणखी बरं.

सांगाड्यापाशी पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खरं हाड की साचा (म्हणजे खऱ्या हाडावरून ओतून काढलेली नक्कल), हे तिथे लिहिलेलं असतं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला टायटनोसॉर हा डायनासोर ३७ मीटर लांब, दालनात मावत नाही म्हणून मान दाराबाहेर आलेली, पण तो अख्खा साचा आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या 'सू' या टी-रेक्सची बहुतेक हाडं अस्सल. कवटी मात्र सुमारे २७० किलोची, सांगाड्यावर पेलणार नाही इतकी जड, म्हणून ती वेगळ्या काचपेटीत आणि धडावर तिची प्रतिकृती. लंडनच्या संग्रहालयाच्या मुख्य दालनात २०१७ पासून टांगलेला २५.२ मीटरचा निळा देवमासा खऱ्या हाडांचा आहे.

पाटी नसेल तर आधाराची सळई बघा. साच्यात ती आतून घालता येते, म्हणून बाहेर दिसत नाही. खऱ्या जीवाश्माला भोक पाडायचं टाळतात. प्रत्येक हाडाला बाहेरून लोखंडी पट्टीने तोलून धरलेलं असतं. मणक्यांच्या खालून आणि पायांच्या मागून ती पट्टी सहज दिसते, त्यासाठी समोरून नव्हे, सांगाड्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा.