होईल की नाही, एवढंच सांगा

"मॅडम, गोव्यात भूकंप होईल का? हो की नाही, एवढंच सांगा." कुठेही जमीन हादरल्याची बातमी आली की मला फोन सुरू होतात. चतुर्थीला आरती संपून प्रसाद हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी काका हेच विचारतात. मी उत्तर द्यायला लागले की दुसऱ्या वाक्यालाच त्यांचं लक्ष उडतं. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही," म्हणून ते वळतात. तीस वर्षं भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे लागतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

"नाही होणार" हे उत्तर मी आयुष्यात एकदाच दिलं आहे.

१९९२ चा नोव्हेंबर. मी डिचोलीहून पुण्याला एम.एस्सी. करायला गेले होते. माझ्या खोलीतली मैत्रीण औसा तालुक्यातली, किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. दिवाळीची सुट्टी संपवून आली ती काळजी घेऊनच. ऑक्टोबरात त्यांच्याकडे धक्के बसले होते. आजी घरात झोपायला तयार नव्हती, अंगणात बाज टाकून झोपायची. "तू हेच शिकतेस ना गं? मोठा होईल का?" मी वर्गात पहिली येणारी. मला विचार करायलाही वेळ लागला नाही. म्हटलं, हा ढालप्रदेश, म्हणजे अतिप्राचीन कठीण खडकाचा भाग, कोट्यवधी वर्षं स्थिर. कोयनेचं वेगळं, तिथे धरण आहे. तुमच्याकडे काही होत नाही. तिने त्याच रात्री इनलँडवर हे घरी कळवलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि ती काही न बोलता पिशवी भरायला लागली. मी तिच्याबरोबर गेले.

तिचं घर मला तिनेच दाखवावं लागलं, कारण गल्लीच उरली नव्हती. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडी भिंती, सांध्यांत नुसती माती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. भिंती दोन्ही अंगांनी फुगून फुटल्या होत्या. माजघराचे चार लाकडी खांब मात्र तुळईसकट उभे होते. आणि अंगणातल्या लिंबाला टेकवलेली बाज तशीच होती, सुंभ जरासुद्धा सैल न झालेलं. आजी आत झोपली होती. थंडी पडली तेव्हाच ती आत गेली होती, असं तिची आई म्हणाली. थंडीमुळे गेली की माझ्या निरोपामुळे, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

पुस्तकात तसंच होतं, हा माझा बचाव. तो खोटा नाही. तेव्हा बहुतेक सगळेच द्वीपकल्प स्थिर मानत. पण १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनानगर पडलं होतं, ६.३ चा धक्का होता, आणि तो मी "धरणामुळे" या एका शब्दात बाजूला सारला होता. पाण्याने ताण निर्माण होत नाही. आधीच निसटायच्या बेतात असलेल्या भेगेला ते निमित्त होतं. ताण येतो तो भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे रेटला जातो त्यातून. हिमालयात त्याचं बरंचसं निस्तरतं, पण दाब सगळ्या द्वीपकल्पात पसरतो. खडकात कुठेतरी जुनी कमजोर जागा असते, ती हजारो वर्षं गप्प राहते. तिच्यापुढे आपल्या शंभर वर्षांच्या नोंदी म्हणजे काहीच नाही. किल्लारीला बेसाल्टच्या जेमतेम काहीशे मीटर थराखाली ग्रॅनाइट-नाइस नावाचा प्राचीन कठीण खडक आहे, दक्षिण भारताच्या धारवाड कुळातला.

आणि गोवा कशावर उभा आहे? त्याच कुळाच्या पश्चिम भागावर. आमच्या डिचोलीच्या खाणींतलं लोखंड त्याच अतिप्राचीन खडकांतलं. सत्तरीच्या वरच्या अंगाला थोडा बेसाल्ट, आणि सगळ्यावर जांभ्याची टोपी. "आमचा दगड जुना आहे, म्हणून पक्का" असं लोक मला समजावतात, आणि मला त्या खोलीतली मीच समोर दिसते. तिला मी सांगते, जुना म्हणजे अखंड नव्हे. ती म्हणते, पण गोव्यात मोठा भूकंप झाल्याची नोंद दाखव. ती मी दाखवू शकत नाही. किल्लारीचीही आदल्या दिवशी दाखवता आली नसती.

गोव्यातल्या साळावली धरणाचंही विचारता. कोयना १०३ मीटर उंच, साळावली त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. पाण्याचा भार आणि खोली दोन्ही कमी, म्हणून मला त्याची भीती कमी वाटते. कमी, शून्य नाही. २००२ च्या भूकंपधोक्याच्या नकाशात गोवा तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोका. हा आकडा सांगितला की निम्मे लोक निश्चिंत होतात आणि निम्मे घाबरतात.

मला खरं सलतं ते वेगळंच. २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब होतं. तिथे कोसळलेल्या इमारतींमध्ये खाली पार्किंग मोकळं ठेवून वर भरीव मजले चढवलेल्या कितीतरी होत्या. तो ७.७ चा होता, कोयनेच्या कितीतरी पट मोठा, हे मान्य. पण कोयना पणजीपासून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि गेल्या वीस वर्षांत आपण म्हापशापासून मडगावापर्यंत तसल्याच इमारती उभ्या केल्या, काही तर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीत, मातीचा भराव टाकून. पाणी धरलेली भुसभुशीत जमीन हादरा वाढवते. इमारतीचा नकाशा कुणी तपासला, खांबांत लोखंडी सळ्यांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर बांधल्या, हे मला कुणी विचारत नाही. विचारलंत तर मी हो-नाहीत उत्तर देईन.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी जुन्या चिऱ्यांच्या घरावर स्लॅबचा मजला चढवायचं म्हणत होत्या. "टीचर, तुम्ही एकदा सांगा, काही होत नाही ना?" मी उठून त्यांच्याबरोबर गेले, मागच्या भिंतीच्या सांध्यात किल्ली घातली. माती भुरूभुरू खाली आली. वहिनींनी ती तळव्यावर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आधी इंजिनिअरला बोलवा, मी थांबते तोपर्यंत.