घराजवळची दोन झाडं, सगळ्यांना भीती एकाची आणि धोका दुसऱ्याचा (माझा अनुभव)

आमच्या घराला लागून दोन झाडं होती. पुढे अंगणात चिंच, जुनी, घराच्या वर गेलेली, आणि मागे गुलमोहर, छताच्या कडेपासून जेमतेम हातभर लांब. वादळाचे दिवस जवळ आले की घरात एकच विषय, चिंच पाडायची का. गुलमोहराबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही कारण तो दिसायला सुंदर आणि चिंचेच्या मानाने लहान. शेजारच्या काकू तर भेटतील तेव्हा, "अरे एवढं धूड घरावर आलं तर काय करशील रे?" त्यांचंही चूक नाही, त्यांच्या गच्चीवर एकदा चिंचेची वाळकी फांदी पडली होती.

तर शेवटी ठरवलं की दरवर्षीची ही चर्चा बंद करायची, कोणालातरी बोलवून दाखवायचं आणि जे करायचं ते वादळाच्या बरंच आधी करायचं, कारण पहिलं वादळ येऊन गेलं की झाडवाल्यांचे फोन लागत नाहीत आणि लागले तरी घाईत कसंही तोडून जातात.

पहिला जो आला त्याने गेटमधूनच वर बघितलं आणि म्हणाला, दोन्ही साफ करून टाकू, नाहीतर चिंचेचं डोकं उडवतो, निम्मी करतो, मग काय टेन्शन नाही. ही "डोकं उडवायची" पद्धत सगळीकडे चालते आणि माझं स्पष्ट मत आहे की याच्यापेक्षा झाड पूर्ण काढलेलं परवडलं. शेंडा सपाट कापला की झाड घाबरल्यासारखं भराभर कोंब काढतं, काही वर्षांत पुन्हा तेवढंच उंच होतं, पण हे नवे कोंब आतल्या लाकडातून आलेले नसतात, वरवर सालीजवळ चिकटलेले असतात आणि ज्या खुंटावर ते उभे असतात तो खुंट वरून पाणी मुरून कुजत असतो. म्हणजे काही वर्षांनी वादळात हेच सगळं खाली. त्याला नमस्कार केला.

दुसरे आले ते झाडांचं काम रीतसर शिकलेले, वयाने मोठे, आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. मी त्यांना चिंचेच्या फांद्या दाखवायला लागलो तर म्हणाले, "वरचं नंतर बघू, आधी बुंध्याजवळचा पालापाचोळा बाजूला करा." गुडघ्यावर बसून त्यांनी दोन्ही झाडांचे बुंधे सगळीकडून बघितले, लाकडी हातोडीने ठोकत ठोकत फिरले. चिंचेचा आवाज सगळीकडे घट्ट, भरीव. गुलमोहराला घराच्या विरुद्ध बाजूला ठोकलं आणि रिकाम्या पेटीवर थाप मारावी तसा आवाज आला. पाला सारला तर तिथेच जमिनीलगत बुरशीचं कडक, तपकिरी, थराथरांचं टोपण बाहेर आलेलं, नखाने टोचलं तरी खूण उमटेना. असलं टोपण बुंध्याला दिसलं म्हणजे आतलं लाकूड बऱ्याच दिवसांपासून कुजतंय, बाहेर दिसतं ते फक्त शेवटी.

मग त्यांनी विचारलं, "इथून कधी पाइप टाकला होता का?" टाकला होता ना, ड्रेनेजची लाईन, काही वर्षांपूर्वी, नेमकी त्याच बाजूने. चर खणताना त्या बाजूची मुळं तोडली गेली आणि तिथूनच कूज आत शिरली असणार. आपल्याला वाटतं झाडाची मुळं सरळ खोल खाली जातात, पण बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटीमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत आडवी पसरतात. म्हणजे बुंध्यापासून थोड्या अंतरावर चर खणला तरी एका बाजूचा आधार गेला. आणि पावसाने माती भिजून मऊ झाली आणि त्यात वारा आला की झाड मुळासकट उपटतं, मोडायची पण गरज नाही. वाऱ्याचा हिशोब पण वाईट असतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

गुलमोहराचं आणखी एक दुखणं होतं. बुंध्यातून दोन सारख्याच जाडीच्या फांद्या व्ही सारख्या वर गेलेल्या आणि त्या बेचक्यात साल आत दाबली गेलेली. रुंद, यू सारखं बेचकं असेल तर लाकूड एकमेकांत विणलं जातं, इथे मधे साल असल्यामुळे ते जोडलेलंच नसतं, नुसतं शेजारी शेजारी वाढतं. बेचक्यापासून खाली एक काळी ओली रेघ आलेली आणि तिच्यातून मुंग्या ये-जा करत होत्या, म्हणजे चिरायला सुरुवात झालेली. मी विचारलं की तारेने बांधता येईल का दोन्ही फांद्या, असं करतात म्हणे. ते म्हणाले, करतात, खाली बुंधा निरोगी असेल तर. "खालचंच गेलंय तर वर बांधून काय फायदा?" आणि मोडली असती तर जी फांदी मोडली असती ती मुलांच्या खोलीवर.

चिंचेबद्दल त्यांनी एकच सांगितलं, हिला हात लावायचा तर फक्त वाळकं काढायला आणि छतावर आलेल्या फांद्या आखूड करायला. चिंच मुळातच वाऱ्याला चिवट, लाकूड कठीण. ती थोडी कललेली आहे हे मी दाखवलं तर म्हणाले, खोड बघा, कललंय पण पुढे जाऊन सरळ वर वळलंय, म्हणजे हा कल लहानपणापासूनचा आहे, झाडाने त्याप्रमाणे स्वतःला सावरून घेतलंय. भीती कधी, तर झाड अचानक कललं आणि कलाच्या उलट बाजूला माती उचलली गेली किंवा भेगा पडल्या तर. तसं दिसलं तर त्या रात्री त्या खोलीत झोपायचं नाही आणि सकाळी पहिला फोन झाडवाल्याला.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. अनेक ठिकाणी स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही स्थानिक कार्यालयाची परवानगी लागते आणि नियम जागेनुसार बदलतात, त्यामुळे आधी विचारा. आम्ही अर्ज, फोटो आणि दादांचं लेखी मत जोडलं, बुरशीचा आणि बेचक्याचा जवळून काढलेला फोटो सगळ्यात कामाला आला. वेळ लागला पण झालं. विजेची तार गुलमोहराच्या जवळून जात होती म्हणून त्या दिवशी लाईन बंद करून घेतली. तारेजवळची फांदी कोणीही स्वतः तोडायला जाऊ नये, आणि शिडीवर उभं राहून मोटरची करवत चालवणं तर अजिबात नको. फांदी तुटताना झटका देते, शिडी आणि माणूस एकदम जातात.

गुलमोहर आडवा पाडायला जागाच नव्हती, त्यामुळे वरून तुकडे तुकडे करून दोराने उतरवला. कापायचा तुकडा आधी दोराने बांधायचा, दोर वरच्या मजबूत फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला दोन वेढे द्यायचे, म्हणजे खालचा माणूस घर्षणाच्या जोरावर एवढं वजन हळूहळू सोडू शकतो. आमचं काम मुलांना आणि काकूंना लांब ठेवायचं, आणि काकूंना लांब ठेवणं जास्त अवघड गेलं. काम सुरू करायच्या आधी दादांनी झाडावर घरटी आहेत का बघितलं, असती तर काम पुढे ढकललं असतं. शेवटी बुंधा कापला तेव्हा आत बघितलं, मधलं लाकूड तपकिरी, बोटांनी चुरा होणारं, आणि ठणठणीत लाकूड एका बाजूला जेमतेम दोन बोटं. झाडवाल्यांचा ठोकताळा असा की निरोगी लाकडाचा थर त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा कमी राहिला तर धोका, आणि इथे तर त्याच्या जवळपासही नव्हता. काकू बघत होत्या, एवढंच म्हणाल्या, "बाई गं."

चिंचेची छाटणी मी बसून बघितली कारण ते बघण्यासारखं होतं. जाड फांदी एका घावात तोडत नाहीत. आधी खोडापासून वीतभर लांब, खालच्या बाजूने थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. राहिलेला खुंट मग तिसऱ्या कापात, पण खोडाला अगदी चिकटून नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर सुरकुतलेली कड असते ती शाबूत ठेवून तिच्या बाहेर. जखम त्या कडेतूनच बंद होत येते. मी रंग किंवा डांबर लावायचं का विचारलं, तर गरज नाही म्हणाले. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शिगो म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं की झाड कूज झालेला भाग आतून भिंत घालून वेगळा करतं, रंग लावून कूज थांबत नाही.

एका वेळी हिरव्या पाल्याचा जास्तीत जास्त चौथा भाग काढायचा, त्यापेक्षा जास्त नाही. आणि फांद्यांचा आतला पाला साफ करून टोकाला फक्त झुपके ठेवायचे असंही नाही, कारण मग सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी जास्त हेलकावते. आमच्याकडे आधीच्या एकाने कधीतरी तेच केलेलं दिसत होतं, दादांनी त्या फांद्या टोकाकडून आखूड केल्या.

नंतरच्या वादळात चिंचेची बारीक काडीकुडी पडली, पन्हाळं तुंबलं, तेवढंच. आता मोठा पाऊस-वारा येऊन गेला की मी बुंध्याभोवती एक फेरी मारतो, माती उचललीये का, नवीन भेग आहे का, बुरशी दिसते का. दर काही वर्षांनी दादांना दाखवणार.

गुलमोहराचा खुंट यंत्राने जमिनीखालपर्यंत घासून काढला, जाड मुळं आतच आहेत. ती कुजतील तशी तिथली माती बसणार आहे म्हणून फरशी एवढ्यात घालू नका असं सांगितलंय. घर चिकणमातीवर असेल तर मोठं झाड काढल्यावर माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पायाला तडे जाऊ शकतात, तेव्हा काढायच्या आधी इंजिनिअरला विचारा, आमच्याकडे मुरूम असल्यामुळे तो प्रश्न आला नाही. मागे नवीन झाड लावायचं काकूंच्या मनात फार आहे. ड्रेनेजची लाईन तिथूनच जाते म्हणून जागा कुंपणाच्या बाजूला सरकवलीये, आणि झाड पूर्ण वाढल्यावर केवढं होतं ते बघूनच कोणतं आणायचं ते ठरवणार आहोत.