व्हॉल्व्हची चावी

सकाळी सहाला सँपल घेतलं आणि पोटात गोळा आला. सांडपाण्यात हवा सोडायच्या एअरेशन टँकमधलं पाणी लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवायचं. गाळ, म्हणजे घाण खाणारे जिवाणू, चांगला असेल तर चॉकलेटी थर खाली बसतो, ओल्या मातीचा वास येतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्या दिवशी अर्ध्या तासानंही काही बसलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत करडं, गढूळ. जिवाणू मेले होते.

पंचगंगेकाठच्या कापड प्रोसेसवाल्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रात मी केमिस्ट आहे. लोकांना वाटतं, केमिकल टाकलं की पाणी स्वच्छ. खरं काम जिवाणू करतात. शेण आणि गूळ घालून त्यांना वाढवावं लागतं, तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. एवढं करून एका रात्रीत जातात.

इनलेटला, म्हणजे सांडपाणी आत येतं तिथं, सडक्या अंड्याचा वास, पीएच 11; सातच्या आसपास असतो तो. म्हणजे सल्फर ब्लॅक हा काळा रंग, तो विरघळवणाऱ्या सोडियम सल्फाइडसकट. एकेका प्रोसेस कारखान्याचं चेंबर उघडत गेलो, सातव्याला सापडलं. अर्जंट ऑर्डर म्हणून रंगाचा अख्खा बाथ, म्हणजे कापड रंगवून उरलेलं पाणी, रात्रीत लाइनला सोडला होता. थोडं थोडं सोडायचं तर साठवण टाकी लागते. ती बांधायला त्यांच्याकडे जागा नाही, आणि डोक्यावर आधीचंच कर्ज.

मी व्हॉल्व्ह बंद केला. जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर, काम करणारे एक म्हातारे मामा बाहेर आले. "सायेब, लाइन बंद म्हंजे मशीन बंद. आमची हजेरी कोण देणार?"

मला उत्तर देता आलं नाही. माझी आत्या खाली शिरोळ तालुक्यात राहते, नदीकाठी. मासे मरून वर आले की तिचा पहिला फोन मला. "तुमच्यातनं सुटलं काय रं?" तिलाही मी कधी धड उत्तर दिलेलं नाही.

दुपारी वरिष्ठ म्हणाले, आउटलेटला बोअरचं पाणी मिसळ, आकडा उतरेल. मी नाही म्हणालो. पाणी मिसळून नदीत जाणारी घाण रतीभरही कमी होत नाही, फक्त रजिस्टर स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले. सँपलचे दोन भाग, सील, दोन्हीकडच्या सह्या. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप; त्याची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. माझ्या लॅबमधल्या मोजणीत 410 आला होता, तोच मी लिहून ठेवला होता. त्यांचा रिपोर्ट आला आणि मागोमाग जल कायद्याच्या कलम 33अ खाली आदेश: वीज तोडा, पाणी तोडा. एकाची नाही, केंद्राच्या सगळ्या सभासद कारखान्यांची. वर्षानुवर्षं नेमानं पाणी सोडणाऱ्यांचीही.

1974 चा जल कायदा मला हवाच आहे. त्याच्याशिवाय आत्याच्या गावाला कोणी वाली नाही. पण आमच्यापर्यंत तो पोचतो तेव्हा चालू किंवा बंद, एवढंच बटण हातात घेऊन. टाकी नाही हे तपासणीत आधीही दिसत होतं. तेव्हाच मुदत देऊन, पाठीमागे लागून, कर्जाची सोय लावून ती बांधून घेतली असती तर मामांची हजेरी बुडाली नसती. घाणीचा भुर्दंड भरला तो जिगरवरच्या माणसांनी.

वीज जोडल्यावर आम्ही पुन्हा शेण-गूळ घातला. कितीतरी दिवसांनी सिलिंडरमध्ये चॉकलेटी थर बसला, तेव्हा मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. मामा परत आले नाहीत, वीटभट्टीवर गेले म्हणतात. टाकी अजून झालेली नाही. चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, आणि रात्री जाग आली की मी प्लँटला फोन लावून इनलेटचा पीएच विचारतो.