एका सेकंदासाठी घालवलेले दोन आठवडे

दादरच्या एका वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनिंगचे काम मी सांभाळते. तळमजल्यावरच्या लिनक्स संगणकात साठलेली पाने वरच्या मजल्यावरील संगणकाला लावलेल्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रोज संध्याकाळी जावीत, यासाठी मी आरसिंक हे फाइलींच्या प्रती करणारे साधन निवडले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेले हे साधन फाइलचा बदललेला भागच पाठवते. एसएसएचची, म्हणजे दोन संगणकांमधली सुरक्षित जोडणी आणि सुमारे १२,००० पानांची पहिली प्रत एका दिवसात झाली.

अडले ते दुसऱ्या दिवशी. नवीन पाने जेमतेम ऐंशी असताना आरसिंक हजारो जुन्या फाइली पुन्हा लिहीत बसले आणि माझ्या दोन लोकल चुकल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. नेटवर्कवरून जाणारी माहिती अगदी थोडी होती. वेळ जात होता तो प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवर नव्याने लिहिण्यात. ज्या दुकानातून पेनड्राइव्ह घेतला होता, तिथल्या माणसाने तो खराब झाल्याचे ठामपणे सांगितले, म्हणून दुसरा विकत घेतला. त्यावरही काडीचा फरक पडला नाही. तपासून न पाहता दिलेल्या त्या सल्ल्याचा राग मला अजून आहे.

मग आज्ञेत एन आणि आय हे पर्याय घातले. एनमुळे प्रत्यक्ष काही न लिहिता नुसती यादी मिळते आणि आयमुळे प्रत्येक फाइल का निवडली ते कळते. प्रत्येक ओळीच्या आरंभीच्या खुणेत एफ, दोन टिंबे आणि टी असे दिसत होते, म्हणजे आकार तोच होता, फक्त वेळ जुळत नव्हती. यादीत फाइली मात्र सहा हजारांच्या आसपास, जवळजवळ बरोबर निम्म्या होत्या, आणि तिथेच मला धागा सापडला. एका पानाची वेळ खाली ४ वाजून १२ मिनिटे ३७ सेकंद होती, वर ३६ सेकंद. पेनड्राइव्हवरील फॅट ३२ ही फाइली साठवण्याची व्यवस्था बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवते, त्यामुळे विषम सेकंदाला जतन झालेले प्रत्येक पान आरसिंकला रोज बदललेले वाटत होते, कारण ते आधी आकार आणि वेळ एवढेच ताडून पाहते.

मॉडिफाय-विंडो=१ हा पर्याय जोडला, म्हणजे एका सेकंदाचा फरक आरसिंक सोडून देते. त्या संध्याकाळी नवीन ८४ पानेच गेली आणि काम काही मिनिटांत आटोपले, तेव्हा मला झालेले समाधान दोन आठवड्यांच्या त्रासाच्या तोलाचे होते.

फॅटवर ए हा अनेक पर्याय एकत्र लावणारा पर्याय वापरू नये, कारण मालकी आणि परवानग्या तिथे टिकत नाहीत आणि तक्रारींच्या ओळी उमटत राहतात. आतले फोल्डरही घेणारा आर आणि वेळ जपणारा टी एवढे पर्याय पुरतात. टी मात्र वगळू नये, नाहीतर वेळा जपल्या जात नाहीत आणि सगळ्याच फाइली पुन्हा निघतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, न दिली तर फोल्डरच जातो. मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतून पुसणाऱ्या डिलीट पर्यायासोबत ही रेघ चुकली तर वरच्या प्रतीतल्या नको त्या फाइली पुसल्या जाऊ शकतात, म्हणून तो पर्याय मी एन लावून यादी वाचल्याशिवाय आजही चालवत नाही.