धमारातली समूहरचना: सहा जणी, नऊ मीटर आणि लपलेली सम

कथकच्या विद्यापीठीय अभ्यासात इतिहास, शास्त्र, ताललिपी आणि प्रात्यक्षिक हे वेगवेगळे पेपर असतात. समूहरचना बसवायला घेतली की चारही पेपर एकाच वेळी अंगावर येतात. ही नोंद अशाच एका रचनेची: धमार हा १४ मात्रांचा ताल, सहा नर्तकी, दहा मिनिटं, ९ मीटर रुंद रंगमंच. १६ मात्रांच्या, नेहमीच्या त्रितालात हेच काम निम्म्या वेळात होतं. तरीही धमार घेण्याचं कारण त्याचं वजन. होरीचा गतभाव (होळीचा प्रसंग अभिनयातून दाखवणं) आणि पखवाजाच्या अंगाच्या परणी (जोरकस बोलांच्या रचना) या तालात जशा बसतात तशा इतर कशात बसत नाहीत.

आठवडा १: ठेका (तालाचे ठरलेले बोल) अंगात जाईपर्यंत

क धि ट धि ट । धा ऽ । ग ति ट । ति ट ता ऽ. खंड ५-२-३-४. टाळी १, ६ आणि ११ वर, 'खाली' (टाळी न देता हात उघडायची मात्रा) ८ वर.

पहिली अडचण ठरलेलीच. सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, 'क' वर आहे आणि 'क' हा बंद बोल, गुंजत नाही. गुंजतो तो सहाव्या मात्रेवरचा 'धा'. त्रितालावर वाढलेला कान त्या 'धा'लाच सम समजतो आणि पाच मात्रा पुढे जाऊन बसतो. दुसरी अडचण ७ आणि १४ या दोन रिकाम्या मात्रांची. तिथे बोल नाही म्हणून वेळही नाही असं पायाला वाटतं. चौदावी मात्रा खाल्ली जाते आणि पुढची सम लवकर येते.

उपाय रुक्ष आहे: घुंगरू न बांधता, फक्त हाताने टाळी-खाली देत, लेहऱ्यावर (तालाची फेरी दाखवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) रोज वीस मिनिटं पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. लेहरा सुरुवातीला हार्मोनिअमचाच घ्यावा. सारंगीची मींड सुंदर, पण सम नेमकी कुठे पडली ते नवख्या कानाला कळत नाही. तोंडाने म्हणताना ७ आणि १४ वर 'ऽ' साठी हुंकार द्यायचा. आठवड्याच्या शेवटी सहापैकी चौघींची चौदावी मात्रा पूर्ण येऊ लागली. उरलेल्या दोघी १३ व्या मात्रेच्या 'ता'वर श्वास घेत होत्या, म्हणून घाई होत होती. श्वास ११ वर हलवल्यावर तेही सुटलं.

आठवडा २: दहा मिनिटांचा हिशेब

आधी आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) मोजावीत, मग बोल निवडावेत. उलट केलं की रचना हमखास तेरा मिनिटांची होते.

विलंबित, मिनिटाला ५६ मात्रा: एक आवर्तन १५ सेकंद, १६ आवर्तनं म्हणजे ४ मिनिटं (ठाट म्हणजे सुरुवातीचा डौलदार पवित्रा, आमद म्हणजे प्रवेशाचा बोल, आणि एक परण). मध्य, १०५ मात्रा: आवर्तन ८ सेकंद, २१ आवर्तनं म्हणजे २ मिनिटं ४८ सेकंद (गतनिकास म्हणजे डौलदार चाल, आणि होरीचा गतभाव). द्रुत, १४० मात्रा: आवर्तन ६ सेकंद, ३० आवर्तनं म्हणजे ३ मिनिटं. बेरीज ९:४८. उरलेले १२ सेकंद प्रवेशाला.

साथ प्रत्यक्ष असेल तर द्रुत लय चढतेच. १४० ची १५० झाली की आवर्तन ५.६ सेकंदांचं होतं आणि तीस आवर्तनांत १२ सेकंद गळतात. वेळेचा प्रश्न किरकोळ आहे. गडबड होते ती जागा बदलण्यात, कारण पावलांची लांबी लयीबरोबर वाढत नाही.

आठवडा ३: तिहाई

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. सूत्र सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर मांडलं जात नाही. तुकड्याच्या मात्रा 'प' (शेवटची मात्रा धरून) आणि मधला दम (थांबा) 'द' मानला, तर समेवरून उचलून पुढच्या समेवर येणाऱ्या तिहाईसाठी ३प + २द = १५. म्हणजे एक आवर्तन आणि वर समेची मात्रा.

प = ५, द = ० : बेदम.
प = ३, द = ३ : दमदार.
प = ४, द = दीड : याच्या वाटेला सावधपणे जावं.

त्रितालात पाठ असलेली ५-१-५-१-५ ही तिहाई १७ मात्रांची. ती धमारात समेवरून उचलली तर तिसऱ्या मात्रेवर पडते. ठेवायचीच असेल तर १३ व्या मात्रेवरून उचलावी. दीड मात्रेच्या दमाची तिहाई एकल नर्तकीला शोभते, समूहात मात्र कोणीतरी तो दम एक मात्रेचा करते आणि चौदावीवर थांबते, कोणी दोनचा करते आणि सम उलटून दुसरीवर येते. सहा जणींत दोघी जरी अशा चुकल्या तरी प्रेक्षकाला सम दिसतच नाही. आपण ती काढून टाकली.

समूहासाठी ३-३-३-३-३ सर्वांत उपयोगी: तिग्धा दिगदिग थेई, मग तीन मात्रा मोकळ्या. या मोकळ्या मात्राच समूहरचनेचं भांडवल आहेत. एकल नृत्यात तिथे नजर किंवा मानेची हालचाल असते, समूहात तिथे जागा बदलायची. द्रुत लयीत तीन मात्रा म्हणजे सुमारे १.३ सेकंद. घुंगरू बांधलेलं, आवाज न करता टाकलेलं पाऊल अर्ध्या मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे एका दमात दीड मीटर. जागा तीन मीटर दूर असेल तर ती दोन दमांत विभागावी. एकाच दमात गाठायला गेलं की थेईवर तोल सावरण्यातच वेळ जातो.

आठवडा ४: चक्रदार, आणि उजवा-डावा पाय

चक्रदारासाठीही (तिहाईसकट अख्खा बोल तीनदा) तेच गणित, फक्त १५ ऐवजी १४ च्या पटीत एक मिळवायचा. चार आवर्तनांचं बेदम चक्रदार हवं तर ५६ + १ = ५७, म्हणजे एक फेरी १९ मात्रांची. ती अशी मांडली: चार मात्रांचा मुखडा (ता थेई थेई तत्) आणि पाच मात्रांच्या तुकड्याची बेदम तिहाई (तिग्धा दिगदिग थेई तत् थेई, तीनदा). ४ + १५ = १९.

पहिली फेरी दुसऱ्या आवर्तनाच्या ५ व्या मात्रेवर संपते, दुसरी तिसऱ्या आवर्तनाच्या १० व्या मात्रेवर, तिसरी समेवर. दर फेरीला शेवट पाच मात्रांनी पुढे सरकतो. पढंत करताना हातावर टाळी चालू ठेवली तर हे सरकणं ऐकू येतं आणि मध्येच हरवलेली नर्तकी पुन्हा धरता येते.

खरी गंमत पायांची आहे. पाय एकाआड एक पडत असतील तर १९ ही विषम संख्या: उजव्याने सुरू झालेली फेरी उजव्यावर संपते, दुसरी डाव्याने सुरू होऊन डाव्यावर संपते, तिसरी पुन्हा उजव्यावर. सराव फक्त उजव्या सुरुवातीचा झालेला असतो म्हणून दुसरी फेरी नेहमी कच्ची पडते. कारण कळेपर्यंत दोष स्मरणशक्तीला दिला जातो. नुसती दुसरी फेरी, डाव्या पायाने, दहा वेळा केली की चक्रदार सुधारतं.

आणि हीच विषमता रचनेला वापरता येते. तिघींनी चक्रदार उजव्याने उचलायचं, समोरच्या तिघींनी डाव्याने. हस्तक (हातांच्या हालचाली) आपोआप आरशातल्यासारखे होतात आणि तिन्ही फेऱ्यांत तसेच राहतात. ३-३-३-३-३ च्या तिहाईत पाय असा बदलत नाही, कारण तीन बोल आणि तीन पावलं मिळून सहा, सम संख्या, आणि प्रत्येक तुकडा त्याच पायाने सुरू होतो. मध्येच दोन्ही पायांची थेई घेतली तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हे लक्षात असावं.

आठवडा ५: इतिहासाचा पेपर इथे लागतो

एकल कथक समूहात ठेवलं की का विस्कटतं, याचं उत्तर त्याच्या घडणीत आहे. आजचा ठाट-आमद-तोडे-गतभाव हा क्रम दरबारात आणि मैफलीत घडला. रसिक काही हातांवर बसलेला, नर्तक एकटा, जागा बेताची. म्हणून भ्रमरी (गिरकी) जागच्या जागी, तोंड समोर, आणि सगळा भार भुवई, मनगट आणि मानेवर. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगांना भुवई दिसत नाही.

कथकात समूह नव्हताच असं मात्र लिहू नये. ब्रजच्या रासात मंडल आहे, आणि १८४७ ते १८५६ या काळात अवधच्या गादीवर असलेल्या वाजिद अली शाहच्या रहसमध्येही (दरबारातल्या रासनाट्यात) समूह होता. पण मंडल चहूबाजूंनी पाहायचं असतं. ते चौकटीच्या रंगमंचावर ठेवलं की मागच्या तिघी पुढच्या तिघींआड जातात. कथकाला त्या चौकटीत, समूह म्हणून आणण्याचं मोठं काम १९३० च्या दशकात मादाम मेनका यांनी केलं. त्यांच्या मंडळीने युरोपचा दौरा केला आणि १९३६ च्या बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं मिळवली. त्यांची संस्था खंडाळ्याला होती. पुढे अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया यांनी समूहाच्या मांडणीचाच मुख्य विषय केला.

रचनेत झालेले बदल: मंडलाचं अर्धवर्तुळ केलं, उघडी बाजू प्रेक्षकांकडे. होरीचा गतभाव रंगमंचाच्या पुढच्या दोन मीटरमध्ये आणला. पिचकारीची कृती मनगटातून न करता खांद्यापासून केली. रंग उडाल्यावर बाकीच्या पाचही जणी एकदम मागे वळत होत्या, ते काढून एकेका मात्रेच्या अंतराने वळवल्या. रंग कुठून कुठे गेला ते आता दिसतं.

आठवडा ६: आलेखाचा कागद

एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर. दोन्ही हात पसरलेल्या नर्तकीला साधारण १.६ मीटर लागतात आणि भ्रमरीत अनारकलीचा घेर वर उठतो, म्हणून दोघींच्या मध्यबिंदूंत २ मीटर अंतर. सहा जणी एका रांगेत: पाच अंतरं, १० मीटर, दोन्ही कडांना एकेक मीटर, एकूण १२. रंगमंच ९ मीटर. प्रश्न मिटला, एक रांग होणार नाही. पुढे तीन, मागे तीन, मागच्या पुढच्यांच्या फटींत.

भ्रमरीत टाच सरकते, विशेषतः एका पावलाच्या भ्रमरीत. खडूने ३० सेंटिमीटरचं वर्तुळ काढून दहा भ्रमऱ्या घ्याव्यात. डावी टाच वर्तुळाबाहेर गेली तर वजन चवड्यावर चाललं आहे. समूहात हे सरकणं प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून एकवीस भ्रमऱ्यांचा मोह सोडून नऊवर थांबलो.

आठवडा ८: बाराशे घुंगरू

दर पायात १००, सहा जणी, म्हणजे १२०० घुंगरू. लेहरा बुडतो. शिवाय १४० च्या लयीत चौगुण (एका मात्रेत चार आघात) म्हणजे सेकंदाला नऊहून अधिक आघात. सहा जणींचे बारा पाय तिथे एक ऐकू येणं शक्य नाही, नुसता खळखळाट होतो. म्हणून द्रुतातली लडी (पायांच्या आघातांची सलग माळ) दोघींकडे दिली, बाकी चौघी ठाय (मूळ, एकपट) लयीत टाळी-खालीचे हस्तक धरतात. १०५ वर चौगुण सेकंदाला सात आघात, तिथे चौघी चालतात. जमिनीजवळचा माइक फक्त पुढच्या रांगेपुढे.

घुंगरांबद्दल एक जुनीच सूचना: दोरी सुती हवी आणि प्रत्येक घुंगरानंतर गाठ हवी. गाठी नसलेल्या माळेत घुंगरू एका बाजूला गोळा होतात आणि पायाचा आवाज असमान येतो. बांधणी घोट्याच्या हाडाच्या वर सुरू करावी, हाडावर नाही. सरावाची फरशी सिमेंटची असेल तर पूर्ण जोराचा तत्कार (पायांचे आघात) रोज नको, नडगी दुखायला लागते.

आठवडा ९: तोंडी परीक्षेसाठी

आकडे ग्रंथाप्रमाणे वेगळे लिहावेत, सर्वांत जास्त गुण इथेच जातात. असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) नाट्यशास्त्रात २४, अभिनयदर्पणात २८. शिरोभेद (डोक्याच्या हालचाली) नाट्यशास्त्रात १३, अभिनयदर्पणात ९. करणं (हात-पायांच्या एकत्रित हालचाली) १०८, नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात. शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेला, आणि नृत्याचा अध्याय सातवा. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद. मराठी मुलींना हे सांगावं लागतं याची जरा गंमत वाटते.

आठवडा १०: रंगीत तालीम

समोरचे दिवे फार होते, पाय सपाट दिसत होते. विंगेतून नडगीच्या उंचीवर आडवा प्रकाश लावल्यावर तत्कार दिसू लागला. पण आडव्या प्रकाशात मागच्या रांगेवर पुढच्या रांगेची सावली पडते. मागची रांग अर्धा मीटर आणखी मागे नेली, तेव्हा फटी पुन्हा मोजाव्या लागल्या.

मोठी चूक वेगळीच निघाली. प्रेक्षागृह काळोखात गेल्यावर भ्रमरीत नजर रोवायला बिंदूच उरला नाही आणि चौघी वेगवेगळ्या दिशांना थांबल्या. बाल्कनीच्या कठड्यावर मध्यभागी छोटा लाल एलईडी चिकटवला. तो बरोबर मधल्या रेषेत हवा, एक मीटर बाजूला गेला तरी सगळ्यांचा शेवट तिरका येतो.

सध्याची स्थिती: एकूण वेळ ९:५१. चक्रदार सहापैकी पाच वेळा समेवर. विलंबितातल्या आमदीत तिसऱ्या आवर्तनानंतरची चौदावी मात्रा अजून आखूड पडते, तिथे पुन्हा हुंकारापासून सुरुवात.