गच्चीतल्या वालावरचा मावा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वालाचे शेंडे काळपट दिसायला लागले तेव्हा मला आधी ती धूळच वाटली. वर्तकनगरला आमची इमारत रस्त्याला लागून आहे, गच्चीवर धूळ रोजचीच. पण बोट फिरवलं तर ते चिकट झालं आणि त्यावर बारीक पाय वळवळताना दिसले.

सासूबाई मुरबाडकडच्या. त्यांच्याकडे भातकापणी झाली की जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात. त्यांनी एक शेंडा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "मावा पडलाय गं. ढगाळ हवा झाली की पडतोच. सकाळी दव असताना राख मार." फ्लॅटमध्ये राख कुठून आणणार? मी नर्सरीतून एक बाटली आणली. झाडं फुलावर होती, मधमाश्या येत होत्या आणि तरी मी भर सकाळी फवारलं. दुकानदारानं ना फुलांचं विचारलं, ना शेंगा तोडण्याआधी किती दिवस थांबायचं ते सांगितलं. मीही लेबल नीट वाचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन दिवस झाडं स्वच्छ होती. बाराव्या दिवशी शेंडे आधीपेक्षा काळे. मधमाश्या मात्र दिसेनात. पहिल्या शेंगा मी तोडून टाकून दिल्या, मुलांच्या ताटात वाढायचा धीर झाला नाही.

मग मुलाचं शाळेच्या प्रोजेक्टचं भिंग घेऊन मी कुंडीपाशी बसले. एक चकचकीत काळी मादी देठात सोंड खुपसून बसली होती. तिच्या मागून फिकट करडं काहीतरी बाहेर येत होतं. पिल्लूच होतं ते, मागचा भाग आधी आणि पाय पोटाशी घट्ट. थोड्या वेळानं पाय सुटले, ते आईशेजारी उभं राहिलं आणि त्यानंही सोंड टेकवली. अंडं नाही, नर नाही. आपल्यासारख्या उष्ण हवेत मावा वर्षभर असाच वाढतो, सगळ्या माद्या. त्यातही पोटातल्या लेकीच्या पोटात नात आधीच वाढू लागलेली असते. पिल्लू चारदा कात टाकतं आणि आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी 1740 मध्ये जन्मल्याबरोबर एका मावा मादीला एकटं कोंडून ठेवलं होतं. नराचा संबंध न येता तिनं 95 पिल्लं दिली.

हे कळल्यावर माझी फवारणी का फसली तेही कळलं. ते औषध अंगावर पडलं तरच मारणारं, आणि मावा शेंड्याच्या बेचक्यात आणि पानाखाली. पाच-दहा माद्या उरल्या तरी पुरे, जोडीदार शोधायचा नसतोच. वर त्यांना खाणारे मी मारून बसले होते. पहिल्या आठवड्यात पानावर काळ्या, लांबट, मगरीसारख्या अळ्या दिसल्या होत्या. त्याही कीडच समजून मी चिरडल्या. त्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं होती आणि मावा हेच त्यांचं खाणं.

नंतरचे सहा आठवडे मी बाटलीला हात लावला नाही. आधी युरियाचं पाणी बंद केलं. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, वरून मी आणखी घालत होते. नत्र जास्त झालं की कोवळी, लुसलुशीत वाढ होते आणि माव्याला तीच हवी असते. मग सर्वांत भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले. उरलेल्यांवर रोज सकाळी नळीनं पानाखालून पाणी मारलं. देठात रुतलेली सोंड तुटून खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही.

मुंग्यांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. माव्याला रसातलं प्रथिन पुरेसं मिळावं म्हणून रस भरपूर ओढावा लागतो, जास्तीची साखर तो मागून थेंबाथेंबानं टाकतो. तोच चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. त्या थेंबांसाठी मुंग्या मिशांनी माव्याला थोपटतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. मी कुंड्या विटांवर ठेवून विटा पाणी भरलेल्या ताटल्यांत ठेवल्या आणि भिंतीला टेकलेले वेल सोडवले. दोन दिवसांत मुंग्यांची रांग तुटली.

निंबोळ्या जूनमध्ये कडुनिंबाखालून वेचून वाळवल्या होत्या, त्यांचा अखेर उपयोग झाला. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायचं, किंचित साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर पानाखालून फवारायचं. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. लगेच काही मरत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. पिल्लांची कात नीट पडत नाही आणि खाणं मंदावतं. मी आठवड्यातून एकदा, असं तीनदा मारलं. आणि दर रविवारी दहा शेंडे तपासून वहीत दोन आकडे लिहिले, मावा असलेले किती आणि मित्रकीटक असलेले किती.

तिसऱ्या रविवारी वालाच्या पानाखाली ढालकिड्याची पिवळी, उभी चिकटवलेली अंडी सापडली. पुढच्या रविवारी अळ्या. त्याच शेंड्यावर काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी, कागदासारखे झालेले. भिंगातून पाहिलं तर एकाच्या पाठीला गोल, रेखीव भोक. इवल्या गांधीलमाशीनं आत अंडं घातलं होतं, तिचं पिल्लू आतून मावा खाऊन, झाकण कापून निघून गेलं होतं. मी सासूबाईंना हाक मारून ते दाखवलं. त्या बराच वेळ भिंग डोळ्याला लावून बसल्या. "इतकी वर्षं शेतात गेले, हे कधी दिसलं नव्हतं," म्हणाल्या.

सहाव्या रविवारी दहापैकी दोनच शेंड्यांवर मावा होता. एक वेल मात्र गेला. पानं पिवळी-हिरवी चट्टेरी होऊन आकसली होती, तो मोझॅकचा विषाणू. मावा क्षणभर सोंड टोचूनही तो या झाडावरून त्या झाडावर नेतो, मागाहून मावा मारून उपयोग नसतो. तो वेल मी उपटून कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाकला.

फेब्रुवारीच्या अखेरीस दाणे भरले आणि सासूबाईंनी आमच्याच वालाचं बिरडं केलं. पाण्याच्या टाकीजवळच्या चवळीच्या कुंडीवर अजून मावा आहे. तिच्यावर आत्ता सात ढालकिडे मोजले, म्हणून ती मी धुतलेली नाही.