११.८ आणि ३.९

लिव्हरच्या एमआर इलास्टोग्राफीला, म्हणजे लिव्हर किती ताठ झालंय ते एमआरआयवर मोजायच्या तपासणीला आलेला पेशंट "उपवासच आहे माझा" म्हणाला, तरी पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. सासवडकडून आलेल्या आप्पांना मी तो विचारला.

"सकाळपासून काय घेतलंय?"

"काय नाही. एवढीशी खिचडी अन् च्या."

एकादशी होती आणि आप्पा माळकरी. अपॉइंटमेंट देताना फोनवर "उपाशीपोटी या" सांगितलेलं, ते त्यांनी त्यांच्या परीनं चोख पाळलं होतं. पण साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप पोटात असताना ही तपासणी करण्यात अर्थ नसतो. खाल्लं की आतड्यांकडून लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं, आणि आधीच वण पडलेलं लिव्हर त्यानं आहे त्याहून ताठ मोजलं जातं. चार ते सहा तास पोट रिकामं हवं. मी त्यांना दीडची वेळ दिली. मुलगा वैतागला. पहाटे मार्केट यार्डात अंजिराच्या पाट्या उतरवून तो तसाच वडिलांना घेऊन आला होता, टेम्पो बाहेर नो-पार्किंगला. पुण्यात तेवढं टेन्शन कुणालाही पुरतं.

मधल्या वेळात त्यानं फाइल दाखवली. जुना मधुमेह, वजन ब्याण्णव किलो, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. मग कुणीतरी फायब्रोस्कॅन केलं, म्हणजे बरगड्यांवर बाहेरून ठोके देऊन लिव्हरचा ताठपणा मोजला. त्यात ११.८ किलोपास्कल आलं; हा आकडा जितका मोठा, तितकं लिव्हर ताठ. पण पोटावर चरबीचा थर जाड असला की त्या मशीनच्या एकेका ठोक्याचं मोजमाप वेगवेगळं येतं, आणि यांचे आकडे भलतेच विखुरलेले होते. पोटाच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासणं, सुचवलं. तिथं हृदयाचे डॉक्टर आडवे आले: काही महिन्यांपूर्वीच स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या आत्ता थांबवता येणार नाहीत. बरगड्यांमधून सुई घालायची, लिव्हर म्हणजे रक्तानं भरलेला अवयव, आणि गोळ्या चालू. कोण हात घालणार? शिवाय सुईत येतो तो दोनेक सेंटिमीटरचा धागा, अख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. वण सगळीकडे सारखे पडत नाहीत, त्यामुळे सुई नेमकी कुठं गेली यावर बरंच ठरतं.

"आयुष्यात थेंब घेतला नाही ओ यांनी," मुलगा हळूच म्हणाला. "गावात लिव्हर म्हटलं की लोक कसे बघतात, माहितीय ना." माहितीय. साखर आणि पोटाचा घेर एवढ्यावरही लिव्हर खराब होतं, हे अजून चावडीपर्यंत पोचायचंय.

दीडला आप्पा आत आले. स्टेंटचं कार्ड बघितलं, मशीनला चालणारा होता. कमरेचा चांदीचा करगोटा त्यांनी न बोलता काढून मुलाच्या हातात दिला. गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे मी बघितलं, तसा त्यांचा हात तिच्यावर गेला. माळ काढायला सांगू नये हे मला कळतं, पण काही माळा तारेत ओवलेल्या असतात. मणी जरा सरकवून बघितले. पांढरा दोरा होता, जुना, तेलकट झालेला. गाठसुद्धा दोऱ्याचीच. "राहू द्या," म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांवर आम्ही प्लास्टिकची गोल चकती ठेवतो आणि पट्ट्यानं घट्ट बांधतो. तिला एक लांब नळी. ती भिंतीतून शेजारच्या खोलीत जाते, तिथलं यंत्र हवेचे दाब सोडतं, सेकंदाला ६० वेळा. चकती थरथरते आणि त्या थरथरीच्या लाटा लिव्हरभर पसरतात. एमआरआय त्या लाटांचा फोटो काढतो. मऊ लिव्हरात लाट हळू जाते, पट्टे आखूड दिसतात, अडीच सेंटिमीटरच्या आसपास. ताठ लिव्हरात ती वेगानं जाते आणि पट्टे लांबतात. ५ किलोपास्कलला पावणेचार सेंटिमीटरपर्यंत. या लांबीवरून कॉम्प्युटर ताठपणाचा रंगीत नकाशा करतो. ही युक्ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या रिचर्ड एहमन यांच्या गटाची, १९९५ साली 'सायन्स'मध्ये छापून आलेली. सुई नाही, इंजेक्शनही नाही.

मशीन कोट्यवधींचं असलं तरी सगळं अडतं पेशंटच्या श्वासावर. श्वास पूर्ण सोडून मग पंधराएक सेकंद थांबायचं, असं चार वेळा. माणसाला थांब म्हटलं की तो आधी छाती भरून घेतो. भरलेल्या छातीनं लिव्हर खाली सरकतं, आणि दर वेळी वेगवेगळं सरकतं. आप्पांचंही तेच. मी माइकवरून "श्वास घ्या, सोडा, थांबा" म्हणायचो. ते सोडायचे, आणि थांबायच्या ऐवजी चोरून थोडा आत ओढायचे. पहिल्या स्लाइसवर, म्हणजे लिव्हरच्या पहिल्या कापाच्या फोटोवर, नुसती भुतं: हलल्यानं उमटलेल्या सावल्या. दुसऱ्यांदा तेच.

मी उठून आत गेलो. टेबल बाहेर घेतलं. "आप्पा, भजनात काय करता?"

"टाळ. अन् पाठीमागं म्हणतो."

"मग अभंगाची ओळ संपते, दम संपलेला असतो, आणि पुढची ओळ बुवा उचलेपर्यंत तुम्ही गप्प उभे राहता की नाही? तिथंच थांबायचं. बुवांनी उचलेपर्यंत आत घ्यायचं नाही. बुवा मी."

ते हसले. "तुम्ही लई वेळ लावता बुवा," म्हणाले.

पण जमलं. पुढच्या चारही स्लाइस स्वच्छ. पडद्यावर लाल-निळे पट्टे उजव्या बाजूनं आत सरकताना दिसत होते, आणि ते रुंद होते. मी काही बोललो नाही. टेक्निशियननं बोलायचंही नसतं. पाठोपाठ चरबी मोजायचा सिक्वेन्स घेतला, तो एका श्वासात होतो.

रेडिऑलॉजिस्ट मॅडम नेमक्या मोकळ्या होत्या. त्यांनी नकाशातला ज्या भागावर विश्वास ठेवता येतो तेवढा आखून घेतला, मोठ्या रक्तवाहिन्या आणि कडा सोडून. सरासरी ३.९ किलोपास्कल. चरबी १८ टक्के. पाचच्या वर गेली की फॅटी म्हणतात.

खरा प्रसंग घडला तो रिपोर्ट हातात पडल्यावर. मुलानं पहिली ओळ वाचली, फाइलमधला जुना कागद बाहेर काढला, आणि काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आप्पा, अकरावरून तीनवर आलं! विठ्ठल पावला!" लगेच घरी फोन लावला. आप्पांनी हात जोडले. शेजारच्या बाईंनी अभिनंदनसुद्धा केलं.

मी मॅडमना बोलावून आणलं. रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, पण असला आनंद घेऊन माणसं दिवे घाट चढून गेली तर गोळ्या बंद करून मोकळी होतील.

मॅडमनी त्याला फोन ठेवायला सांगितला. "दादा, जुना आकडा किती? अकरा पॉइंट आठ. मोबाइलवर तीननं भागा."

त्यानं भागलं. ३.९३ आलं. तो नुसता बघत राहिला.

दोन्ही मशीन किलोपास्कलच छापतात, पण मोजतात वेगळं. फायब्रोस्कॅन यंग्ज मॉड्युलस देतं, म्हणजे ताणायला-दाबायला होणारा विरोध; एमआरआय शिअर मॉड्युलस, म्हणजे आडवं सरकवायला होणारा विरोध. आणि मऊ ऊतींमध्ये पहिला दुसऱ्याच्या साधारण तिप्पट असतो. थरथरीचा वेगही वेगळा, सेकंदाला तिकडे ५०, इकडे ६०, म्हणून हिशोब दर वेळी इतका तंतोतंत जुळेलच असं नाही. पण सुधारलं काहीच नव्हतं. मॅडमनी सरळ सांगितलं: आमच्या मशीनवर अडीचच्या खाली नॉर्मल, पाचच्या वर सिरॉसिस, म्हणजे वणांनी लिव्हर पार कडक झालेलं, आणि तुमचं मधोमध, फायब्रोसिसच्या म्हणजे वण पडण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला. अजून मागे फिरता येतं. बायोप्सीची घाई आहे का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

मुलाचा चेहरा पडला. आप्पांनी मात्र पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारला. "मागं फिरायचं म्हणजे काय करायचं, बाई?"

"वजन. दहा टक्के उतरलं तर वणसुद्धा कमी होऊ शकतात. म्हणजे तुमचे नऊ किलो."

"मी दरसाल वारी चालतो. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटर. तरी उतरत नाही."

"उतरेल कसं?" मुलगा म्हणाला. "दर मुक्कामाला बुंदी असते."

आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, की पुढच्या वाक्याआधी मॅडमनी विषय मधुमेहाच्या गोळ्यांवर नेला.

त्या आठवड्यात आमच्या रिपोर्टच्या साच्यात आकड्याखाली एक ओळ आली: 'या आकड्याची फायब्रोस्कॅनच्या आकड्याशी थेट तुलना करू नये.' इंग्रजीत तर आहेच, मी हट्टानं मराठीतही घालून घेतली. ऑफिसातून विचारणा झाली की एका पेशंटसाठी साचा कशाला बदलायचा. मॅडमनी सही करून कागद पुढं सरकवला.